शुक्रवारचा कप्पा

बेलार्मिनोला मी चेहऱ्याआधी गोळ्यांनी ओळखायचे.
सात दिवस, चार वेळा, अठ्ठावीस कप्पे.
दर सोमवारी तो डबा काउंटरवर ठेवायचा
आणि टोपीवरचं पाणी झटकायचा.
नालोन नदीच्या या खोऱ्यात पाऊस असा पडतो
की पडतोय हे बाही ओली झाल्यावर कळतं.

साखरेची पांढरी, जेवणाबरोबर.
रक्तदाबाची गुलाबी, अर्धी.
थकलेल्या हृदयापायी पाय सुजतात म्हणून सकाळची एक,
जी त्याला बाजारापर्यंत सुखानं जाऊ देत नसे.
आणि छातीसाठी फवारा,
कारण एकवीस वर्षं जमिनीखाली काढून
त्यानं खाणीतली धूळ वर आणली होती,
कंपनीला हिशेब न देता.

"चार जणांना पोसतोय," तो म्हणायचा,
"एकजण भाडं देत नाही.
पण एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, तेवढं बरं."

जात होते. मला दिसायचं.
छातीसाठी स्टेरॉईड दिलं की साखर चढायची,
साखर चढली की मूत्रपिंड कुरकुरायचं,
मूत्रपिंड कुरकुरलं की सूज गुडघा गाठायची,
मग कोणीतरी कुठलीतरी गोळी अर्धी करायचं
आणि मी यादीवर पुन्हा खोडरबर फिरवायचे.
चौघांचे चार डॉक्टर, चार वार, चार फायली.
दोष देत नाही. वीस मिनिटांत
माणूस मावून मावून किती मावणार?

मार्चमध्ये, दुकानं बंद व्हायच्या आदल्या दिवशी,
सायडरच्या गुत्त्यात नेहमीचा डाव बसला होता.
होनोरिनो, वय त्र्याऐंशी,
दुखणं म्हणाल तर डाव्या पायाला एक कुरूप.
आजारात त्याच्या तोंडाची चव गेली;
सायडरमध्ये पाणी घालतोस म्हणून
आठवडाभर मालकाशी फोनवर भांडला.
बेलार्मिनो सहासष्टचा.
तेच टेबल, तीच पानं,
वाटणाऱ्यानं जिभेला लावलेला तोच अंगठा.

ओलायाचा फोन आला, त्याची बायको.
"तीन दिवस अन्न नाही पोटात,
तरी साखर चारशे. न जेवता येते कुठून?"
तापात शरीर स्वतःच्याच कोठीतून उपसतं, मी म्हटलं.
ती जरा थांबली. "म्हणजे खाणच," म्हणाली.

नंतर रात्री दुकान बंद करताना मला उमगलं:
त्याच्या चारही फायली एकत्र वाचणारा
पहिला हा विषाणूच निघाला.
वेळ घेतली नाही, चिठ्ठी आणली नाही,
धुळीनं अरुंद केलेल्या वाटेनं आत गेला,
तिथून हृदयाकडे, तिथून मूत्रपिंडाकडे,
कुठलं दार किलकिलं आहे
हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.
आम्ही सगळ्यांनी मिळून जो माणूस
तुकड्यातुकड्यांनी सांभाळला होता,
तो त्यानं अख्खा पाहिला.

गुरुवारी रुग्णवाहिका आली तेव्हा आठ वाजले होते,
बाल्कन्यांतून रोजच्या टाळ्या सुरू होत्या.
ओलाया सांगते, त्याला वाटलं त्याच्यासाठीच वाजतायत.
मुखवट्याआडून हसला
आणि त्यानं टोपी काढली.

जूनमध्ये तिनं डबा आणून दिला.
शुक्रवार सकाळपासून पुढं सगळा भरलेला.
नियम असा की परत आलेलं औषध नष्ट करायचं;
मी तरी एकेक मोजून काढलं, का ते माहीत नाही.
ती काउंटरवरून हलेना.
मग पर्समधून घडी केलेला कागद काढला.
"माझीही साखर निघाली. रक्तदाबही.
हाच डबा चालेल ना?"

चालेल, म्हटलं.
त्या दुपारी तिच्या दोन्ही डॉक्टरांना
मी एकामागोमाग एक फोन केला,
एकाचं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याचं पहिल्याला.
दोघंही जरा चिडले.

डबा गरम पाण्यानं धुतला.
शुक्रवारचं झाकण आता घट्ट बसतं,
नख घालून उघडावं लागतं.